मागे पडणारे घड्याळ आणि लवकर आलेले बिबटेराव

एका जंगलात चिंतामण विठ्ठल साळिंदरे, वय वर्षे एक्क्याऐंशी, या नावाचे एक साळिंदर राहत असत. मुलांनो, नाव पूर्ण सांगितले, कारण अर्धवट काहीही त्यांना खपत नसे. जंगल त्यांना नुसते नाना म्हणे. ते त्यांनी वयोमानानुसार सोसले होते.

नाना शाळेत गेले नव्हते. सहलीला आलेली माणसे जे कागद टाकून जात, ते वाचून ते शिकले. भेळेच्या पुडीचा कागदही ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मजकूर जेथे फाटलेला असे, तेथे तो काय असावयास हवा होता, हेही त्यांना ठाऊक असे.

त्यांच्या बिळात एक संगणक होता. रोज सायंकाळी काम संपले की नाना तो बंद करीत, भिंतीवरचे बटण बंद करीत, प्लग काढीत आणि वरून क्रोशाचा रुमाल घालीत.

या संगणकातले घड्याळ पाहून पाणवठ्याच्या पाळ्या पुकारण्याचे काम नानांकडे होते. पाच ते साडेपाच गवत खाणाऱ्यांनी पाणी प्यावे. सहाला ऊन टेकडीआड गेले, की गवत खाणाऱ्यांना खाणाऱ्यांनी प्यावे. नाना पोकळ ओंडक्यावर पाच टोले देत आणि भेकरे निर्धास्त खाली उतरत. दोन वर्षांत एकही भेकर कमी झाले नव्हते.

आणि मग ते घड्याळ रोज बारा मिनिटे मागे पडू लागले.

पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई भेकर पाडसाला पुढे घालून नानांच्या दाराशी आल्या.

"नाना, आज आम्ही पाण्यावरून वळलो, आणि मागून बिबटेरावांचा वास आला हो. तुमचे टोले उशिरा पडतायत."

"टोले वेळेवर पडतात," नाना म्हणाले. "वासाची वेळ चुकली असेल."

तरीही नाना न्यायी होते. त्यांनी माहितीपुस्तिका काढून पहिल्या पानापासून वाचली. ज्या भाषा त्यांना येत नव्हत्या, त्यांतील पानेही त्यांनी सावकाश उलटली. संगणकात कोणता देश निवडला आहे, ते तपासले. देश बरोबर होता. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. क्रोशाचा रुमाल धुऊन वाळत घातला. घड्याळ जेवढे मागे होते तेवढेच मागे राहिले.

शेवटी चिचुंद्रेबाईंना बोलावणे गेले. यंत्राच्या आत शिरून दोष पाहू शकेल, अशी त्या जंगलात ती एकच चिचुंद्री. त्या मागच्या फटीतून आत गेल्या आणि शिंकत बाहेर आल्या.

"आतली गोल बॅटरी संपत आलीय, नाना. नाण्याएवढी असते. तुम्ही प्लग काढला की घड्याळ तिच्यावर चालतं. माझ्याकडे आहे एक. बसवू?"

"बाई, हे यंत्र विजेवर चालते. त्याला बॅटरी कशाला? उद्या विहिरीत घागरीने पाणी ओतावयास सांगाल."

"मग निदान प्लग तरी काढू नका."

"एक्क्याऐंशी वर्षांत मी कोणतीही गोष्ट उघडी टाकलेली नाही."

मंजुळाबाईंनी हात जोडले. "बरं, घड्याळ थोडं पुढे तरी करून ठेवा. आमच्या माहेरी भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं. सगळ्यांना माहीत. काही बिघडलं नाही."

नानांचे काटे किंचित उभे राहिले. "यंत्र स्वतः चुकले तर तो दोष. मी हाताने चुकविले तर ते पाप."

"पाप परवडेल हो, नाना. माझं पोर लंगडतंय. त्याला पळता येत नाही."

नानांनी पाडसाकडे पाहिले. मग घड्याळाकडे पाहिले. "वेळेवर येत जा," ते म्हणाले, "म्हणजे पळावे लागणार नाही."

तिसऱ्या दिवशी टोले पडले, तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. तहान मोठी. भेकरे उतरली. पाडस गुडघाभर पाण्यात असताना ऊन टेकडीआड गेले आणि समोरच्या करवंदीतून बिबटेराव बाहेर आले. भेकरे उधळली. मंजुळाबाई पाडसापुढे उभ्या राहिल्या. दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

नानांनी वरून हे पाहिले. मुलांनो, त्यांना बिबट्याचा राग आला नाही. त्यांना चुकीचा राग आला. ते तरातरा खाली गेले.

"बिबटेराव, आपण छत्तीस मिनिटे लवकर आला आहात. आता पाच वाजून चोवीस मिनिटे झाली आहेत."

"नाना, अहो, सूर्य मावळला."

"सूर्याचा विषय वेगळा. त्याला मी स्वतंत्र पत्र लिहीन."

"बाजूला व्हा, नाना. भूक लागलीय."

"भुकेला सहाची वेळ दिलेली आहे."

अडाण्याशी वाद घालू नये, म्हणून नानांनी पाठ फिरविली. साळिंदर पाठ फिरविते तेव्हा सर्व काटे उभे असतात, आणि रागावलेले साळिंदर उलट्या पावलांनी चालून येते. नाना एकेक पाऊल मागे सरकू लागले. बिबटेरावांच्या पंजात एक जुना काटा आजही ठणकत होता. तेही एकेक पाऊल मागे सरकू लागले.

करवंदीला पाठ टेकली, तेव्हा बिबटेराव म्हणाले, "राहिलं. पाच चोवीस तर पाच चोवीस."

मंजुळाबाई पाडसाला घेऊन घरी पोहोचल्या. त्या रडत होत्या, आणि नानांचे घड्याळ कसे अचूक आहे, हे भेटेल त्याला सांगत होत्या.

त्या सायंकाळी पावणेसहाला नानांना कळफलक दिसेना. त्यांनी दिवा लावला. काही वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग त्यांनी रोजनिशीत लिहिले : "आज अंधार लवकर पडला." नंतर संगणक बंद केला, प्लग काढला आणि रुमाल घातला.

दुसऱ्या दिवसापासून बिबटेरावही नानांचे सहाचे टोले ऐकूनच निघू लागले. बॅटरी अद्याप चिचुंद्रेबाईंकडे पडून आहे. घड्याळ रोज बारा मिनिटे मागे पडते. हल्ली त्या जंगलात संध्याकाळचे पाच सकाळी ऊन चढल्यावर वाजतात, आणि तेव्हा सर्वजण दिवे लावतात. भेकर मात्र एकही कमी झालेले नाही. सूर्याकडून पत्राचे उत्तर आलेले नाही.

तात्पर्य : घड्याळ मागे पडत असेल तर ते पुढे करण्याची घाई करू नये. जगाला मागे ढकलता येते का, ते आधी पाहावे.