न वाळणारा बर्फ

किसन पेंटरनं बर्फ पाहिला होता तो फक्त रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. तरी दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात, उदगीरमध्ये बसून, तो बर्फातला लांडगा रंगवत होता.

लातूर जिल्हा नवीन झाला तेव्हा गावोगावच्या पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' बुजवायचं काम त्याला मिळालं होतं. त्यातला पांढरा रंग उरला. "सर, निस्त्या पांढऱ्यात दुसरं काय निघतंय? बर्फच की!"

मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, किसन शेजारी राहायचा. बायको गेल्यापासून मी घरी नुसता वाचत बसे. चूल पेटवायचं राहूनच जाई. जेवणवेळेला किसन डोक्यावर चित्र घेऊन येई, भिंतीला टेकवी आणि विचारी, "सांगा, काय चुकलं?"

मी सांगायचो! चुका काढण्यापुरता मी अजून जिवंत होतो. बर्फावरची सावली निळी असते, लांडग्याची शेपटी खाली असते, वगैरे. बर्फ मीही त्याच रसवंतीवर पाहिला होता, पण माझ्या हातात पुस्तक असायचं.

"हाव सर, तुमचं वाचन लई," म्हणून तो ब्रश फिरवी. लांडगा कधी शेळी होई. एकदा हुबेहूब आमचे प्राचार्य झाला.

"हा राहू द्या, किसनराव," मी म्हणालो.

"न्हाई सर. लांडग्याला राग यील."

मग ब्रश पुसत म्हणे, "पांढरा वाळस्तोर दोन घास खाऊन घेऊ." फडक्यात भाकरी आणि ठेचा असायचाच, दोघांपुरता.

एवढं वाचलेल्या माणसाला पुढचं कळायला अख्खा उन्हाळा लागला. एक दिवस दोरीवर ओलं धोतर टाकून वळलो, तर ते वाळलेलं. तसाच आत येऊन मी बर्फावर बोट ठेवलं. किसननं नुकताच ब्रश फिरवला होता. बर्फ कोरडा ठणठणीत.

किसनचा हात फडक्याच्या गाठीवर थांबला. त्याची पोरगी सासरी गेल्यापासून त्याच्याही घरात दुसरं ताट नव्हतं.

"वाळला व्हय, सर?" त्यानं हळूच विचारलं.

मी बोट अंगावरच्या धोतराला पुसलं. "कुठं? ओलाच आहे अजून. आणि उजवा कान पार चुकलाय. उद्या बघावा लागेल."

"मला वाटलंच," म्हणत त्यानं गाठ सोडली.