नसलं तर?

म्याकल सर मंगळवार बाजारात आधी कढीपत्ता पिशवीत टाकतात आणि मग विचारतात, "नसता तर काय म्हणला असता, मावशी?"

"न्हाय म्हणले असते की. अजून काय?" मावशी आता सरावल्यात.

सर खूश होऊन डायरीत मावशींच्या नावापुढे बरोबरची खूण करतात. नसलेल्या मालाला "उद्या या" म्हणणाऱ्या वाण्याला फुली. आणि एक साबण मागितला तर न सांगता दुसराच बांधून देणारा तर सरांच्या लेखी गुन्हेगारच.

हा सगळा उपद्व्याप एका कंपायलरपायी, म्हणजे आपण लिहिलेलं कॉम्प्युटरला कळेल असं करून देणाऱ्या प्रोग्रामपायी. सर पॉलिटेक्निकमध्ये आम्हाला प्रोग्रामिंग शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे धरतात, यांनी मराठी प्रोग्रामिंग भाषा धरली. इंग्रजीला बिचकणाऱ्या पोरांसाठी. मी त्यांचा जुना विद्यार्थी, इरफान. तेव्हा दर रविवारी मदतीला जायचो.

भाषा जवळपास तयार होती. अडलं होतं ते माहिती साठवणाऱ्या लायब्ररीपाशी, म्हणजे भाषेसोबत द्यायच्या तयार कोडपाशी. तिचं काम साधं: नावापुढे माहिती ठेवायची, नाव विचारलं की परत द्यायची. पण ते नावच नसलं तर? एका पद्धतीत प्रोग्राम चूक दाखवून जागीच थांबतो. दुसरीत गुपचूप रिकामं उत्तर मिळतं आणि घोळ भलतीकडेच निघतो. दोन्हींपैकी एक इंटरफेस, म्हणजे विचारायची-सांगायची रीत, निवडायचा, एवढंच.

"सर, कुठलाही घ्या. जग चाललंय त्यावर."

"जगाचं सोड बे. पोरगं पहिल्यांदा लिहितंय. मशीन त्याच्यावर ओरडलं तर परत येणार न्हाय, आणि गप्प बसलं तर त्याला कळणार काय?"

असे सात महिने गेले. एका कॉलेजने येत्या जूनपासून ही भाषा पोरांना द्यायचं कबूल केलं होतं, आणि मी तर पुढच्याच महिन्यात नोकरीसाठी बंगळुरूला निघणार होतो. त्याआधी निवड झाली नसती तर भाषा सरांच्या कॉम्प्युटरमध्येच राहिली असती. मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू?

त्या रविवारी सरांचं दार उघडंच होतं. समोर काकू बसल्या होत्या. वर्षभरापासून त्यांना विसर पडायला लागलाय. मला बघून त्या हसल्या आणि हसू अर्ध्यातच थांबलं. नाव सापडेना. मी चपला काढायला वाकलो.

आतून सरांचा आवाज आला, "कोण आलंय गं? इरफानच की?"

"इरफानच," काकू ठसक्यात म्हणाल्या, जणू त्यांनीच बोलावलं होतं मला.

"चहाच घेतो ना तो?"

"चहाच."

मग मी कान देऊन ऐकत बसलो. सर बायकोला एकही प्रश्न मोकळा विचारत नव्हते. प्रत्येक प्रश्नाच्या हातात उत्तर देऊन पाठवत होते.

आणि मला माझी शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा आठवली. बाहेरचे परीक्षक समोर, माझी बोबडी वळलेली. तेव्हा सर शेजारून म्हणाले होते, "इरफान, कंपायलर आधी शब्द सुटे करतो, मग वाक्य तपासतो, बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर." इतकी वर्षं मी समजत होतो, अकलेवर पास झालो. या माणसाचे उपकार मला नीट दिसलेही नव्हते.

मी कॉम्प्युटरपाशी बसलो आणि लिहिलं: "वय सांग, नसल्यास शून्य." विचारणाऱ्यानेच सोबत उत्तर द्यायचं, 'वय' हे नावच साठवलेलं नसलं तर तेच परत मिळेल. ही रीत आम्हाला ठाऊक नव्हती असं नाही. पण पोरांना सगळ्यात आधी हीच द्यावी, हे सुचलं नव्हतं.

सरांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला. "हेच घ्यायचं. कुठनं सुचलं बे?"

"तुम्हीच शिकवलंत, सर."

"मी? कधी शिकवलो?" ते खरंच आठवायला लागले. कपाळावर आठ्या पडल्या.

"शेवटच्या वर्षाला. शिकवलात की, सर."

"शिकवलो की," सर म्हणाले, आणि काकूंनी ठेवलेला चहा गाळायला आत गेले.