हट्टी या शब्दाचं उदाहरण

“हजार शब्द म्हणजे काही डोंगर नाही,” चिऊने घरी जाहीर केलं. “महिन्याभरात खिशात घालते की नाही बघ.”

दादा सोफ्यावर पसरला होता. त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. “खिशात जातील गं. डोक्यात किती जातात ते सांग.”

चिऊ फिजिओथेरपिस्ट होती. आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे पुन्हा कामाला लावण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. आता तिला याच विषयात पुढचं शिकायचं होतं, तेही मोठ्या विद्यापीठात, आणि त्यासाठी प्रवेशपरीक्षा द्यायची होती. गणिताचं तिला काही वाटत नव्हतं. पण इंग्रजी शब्दांच्या विभागाने सराव परीक्षेतच तिचं पाणी जोखलं. वाक्यात एक रिकामी जागा, खाली पाच शब्द, आणि पाचातला एकही ओळख दाखवायला तयार नाही! चुकून दुसऱ्याच्याच लग्नात जाऊन बसावं, तशी तिची गत झाली.

नुसतं घोकून शब्द टिकेनात, तेव्हा तिने युक्ती काढली. प्रत्येक शब्दाला ओळखीचा एक माणूस चिकटवून द्यायचा. माणूस डोळ्यांपुढे आला की अर्थ आपोआप मागून येतो. शब्द, अर्थ आणि माणूस असं सगळं ती फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायची आणि येता-जाता ऐकायची. युक्ती अशी लागू पडली की ‘लेथार्जिक’, म्हणजे सुस्त, म्हटलं की तिला सोफा दिसे आणि सोफ्यावर दादा.

सगळं सुरळीत चाललं होतं. एकच काम राहिलं होतं. अर्जासोबत क्लिनिकच्या मोठ्या डॉक्टरांचं शिफारसपत्र हवं होतं. ‘शुक्रवारी संध्याकाळी देतो,’ असं ते म्हणाले होते, आणि शुक्रवार उजाडला.

रोजच्यासारखं तिने सकाळी व्यायामाच्या हॉलमधल्या स्पीकरला आपला फोन ब्लूटूथवरून जोडला, पेशंटसाठी संथ संगीत लावलं आणि फोन बाहेर काउंटरवर चार्जिंगला ठेवला. मग ती बेकरीवाल्या काकांकडे वळली. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बराच काळ लोटला होता. गुडघा ठणठणीत होता, पण काका वॉकर सोडायला तयार नव्हते. आज तिने त्यांना कसंबसं दोन समांतर दांड्यांमध्ये उभं केलं आणि पाठीमागून कमरेचा पट्टा धरला. अशा वेळी पेशंटला सोडून कुठेही जायचं नाही, हा तिथला पहिला नियम.

संगीत संपलं. फोन आपोआप पुढच्या रेकॉर्डिंगवर गेला आणि स्पीकरमधून चिऊचाच आवाज खणखणीत घुमला.

“पार्सिमोनियस. म्हणजे चिक्कू. उदाहरण, आमचे मोठे डॉक्टर. भर उन्हाळ्यातही पंखा एकवरच.”

चिऊने दाराकडे पाहिलं, पण हातात काकांचा पट्टा होता. खांदा फिरवत बसलेला पोस्टमन तसाच थांबला. डोक्यावरचा पंखा एकवर फिरत होता.

“ताई, माझा फोन बंद करा!” ती काउंटरच्या दिशेने ओरडली.

काउंटरवरच्या ताईंनी ऐकलं. पण त्या डॉक्टरांच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. “थांब गं, जरा ऐकू तर दे.”

“गॅर्युलस,” स्पीकर पुढे म्हणाला. “बडबडी. उदाहरण, काउंटरवरच्या ताई. पेशंटचा नंबर येईपर्यंत त्याला ताईंच्या भाचीचं बाळंतपण पाठ होतं.”

ताईंचं हसू जागच्या जागी विरलं. फोनकडे गेलेला हात त्यांनी मुद्दाम मागे घेतला आणि त्या हाताची घडी घालून बसल्या. आता बंद करतेय माझी चप्पल, असा त्यांचा चेहरा झाला.

“ताई, पाया पडते तुमच्या.”

“मी कशाला बोलू? मी बडबडी ना?”

पुढचा शब्द कुठला ते चिऊला पाठ होतं. नेमका आजच इतका पक्का पाठ होता!

“ऑब्स्टिनेट. हट्टी. उदाहरण, बेकरीवाले काका. गुडघा घोड्यासारखा झालाय, पण वॉकर सोडतील तर शपथ.”

काकांचे कान लाल झाले. “कोण हट्टी?” म्हणत ते वळले, तसा चिऊच्या घामेजलेल्या हातातून पट्टा सुटला. दांड्या सोडून काका तरातरा हॉल ओलांडत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी स्पीकरची वायर ओढून काढली.

कोपऱ्यातल्या बाकावरून, काकांसोबत आलेल्या काकू हळूच म्हणाल्या, “अहो, वॉकर इथेच आहे.”

काकांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग काकूंकडे. मग पुन्हा पायांकडे. आणि रागावलेला तो माणूस लहान मुलासारखा हसायला लागला. चिऊ धावत जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली. तिला हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात मोठे डॉक्टर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्यांच्या चष्म्यावरूनसुद्धा कळत होतं.

“ताई,” ते म्हणाले, “पंखा दोनवर करा.”

“सर, मी...” चिऊच्या तोंडून शब्द फुटेना. हजार शब्दांतला एकही.

“पत्र संध्याकाळी घेऊन जा. ज्यांना आम्ही कुणी चालवू शकलो नाही, त्यांना तू चालवलंस. एवढं पत्रात लिहिलं तरी पुष्कळ झालं. तसंही मी शब्द जपूनच वापरतो.”

ताईंनी मात्र अबोला धरला. तो दुपारच्या चहापर्यंत टिकला. पुढे गप्प राहणं त्यांना झेपेना.

परीक्षा झाली. शेवटी पडद्यावर गुण आले आणि चिऊने ते पुन्हा पुन्हा वाचले. शब्दांच्या विभागात तिने बाजी मारली होती. विद्यापीठाला लागतात त्याहून चांगले गुण होते.

ती तशीच क्लिनिकमध्ये आली. बेकरीवाले काका स्वतःच्या पायांनी चालत बिस्किटांचा डबा घेऊन आले होते. सगळे तिच्याभोवती जमले.

“माझा शब्द आला होता का गं?” ताईंनी विचारलं.

“नाही, ताई.”

“अगदी एकदासुद्धा नाही?” ताईंचा चेहरा पडला.

“डॉक्टरांचा आला. दोनदा.”

केबिनच्या दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांनी कॉलर सारखी केली.

“आणि माझा?” काकांनी विचारलं.

“तुमचा नाही आला, काका. पुढच्या वर्षी येईलही कदाचित.”

काकांनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

“मग पुढच्या वर्षी परत बस परीक्षेला.”