केसभरही हलता कामा नये

दाताच्या डॉक्टरांनी निवृत्त झाल्यावर दगड कापायची करवत घेतली, ती एकाच दगडासाठी. तो दगड त्यांच्या थोरल्या बहिणीकडे होता. डॉक्टर चार वर्षांचे असताना ताईंनी तो त्यांच्या कानाला लावून सांगितलं होतं, की याच्या आत चमचमणारी गुहा आहे. बासष्ट वर्षं डॉक्टरांना ती गुहा बघायची होती आणि बासष्ट वर्षं ताई "बघू रे, सवडीनं" म्हणून विषय टाळत आल्या होत्या.

अखेर त्यांच्या हट्टापुढे हात टेकून ताईंनी दगड पाठवून दिला. सोबत निरोप होता, "रविवारी येते. पण कापलाच पाहिजे असं काही नाही हं."

"हिचा माझ्या हातावर विश्वास नाही!" डॉक्टर बायकोला म्हणाले. "अगं, चाळीस वर्षांत माझ्या खुर्चीत कुणी केसभर हललं नाही."

"भीतीनं हलत नव्हते," बायको म्हणाली. चाळीस वर्षं दवाखान्यात त्यांच्या शेजारी उभं राहिल्यामुळे तिला हे बोलायचा पूर्ण अधिकार होता.

दगड आल्याच्या गड्ड्यासारखा होता. चहूकडून फुगवटे, आणि सपाट म्हणावी अशी एक बाजू नाही. करवतीच्या शिकंज्याला मात्र सरळ दोन जबडे. डॉक्टरांनी दगड त्यात जीव खाऊन आवळला आणि करवत सुरू केली. पातं टेकलं मात्र, दगड गर्रकन फिरला, पातं अडकलं आणि यंत्र रुसून बंद पडलं. मग त्यांनी फटींमध्ये लाकडाच्या पाचरी ठोकल्या. पाचरी पक्क्या बसल्या. दगड तेवढा निसटून पातं गार ठेवायच्या पाण्यात पडला आणि डॉक्टरांची सकाळची दुसरी आंघोळ झाली.

"भूल देऊन बघा," दारातून बायको म्हणाली.

डॉक्टर चिडले नाहीत, कारण तिच्या बोलण्यावरून त्यांना दवाखाना आठवला आणि दवाखान्यावरून प्लास्टर. वेड्यावाकड्या दातांचे साचे करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी माळ्यावरची पिशवी काढली, प्लास्टर कालवलं, स्वयंपाकघरातल्या चौकोनी डब्यात दगड ठेवला आणि वरून ओतलं. अर्धा दगड बुडवला असता तरी भागलं असतं, पण अर्धवट काम डॉक्टरांच्या रक्तात नव्हतं.

"अहो, नवा डबा आहे तो!"

"जसाच्या तसा परत देतो."

डबा फोडावा लागला. पण ठोकळा काय निघाला! चारी बाजू सपाट, कोपरे काटकोनात, शिकंज्यात असा बसला की हलवायला गेलं तर टेबल हलावं. दोन दिवस वाळेपर्यंत डॉक्टर त्याच्याभोवती कौतुकानं फिरत होते.

"सुरेख झालाय," बायको म्हणाली. "आता कापायचा कुठून?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. गुहेच्या बरोबर मधून काप जावा म्हणून त्यांनी दगडावर मोजूनमापून लाल रेघ मारली होती. ती आता प्लास्टरच्या पोटात होती, आणि दगड आत उभा आहे की आडवा, हेही कुणाला आठवत नव्हतं.

शेवटी डोक्याला दिवा बांधून, जुनी हत्यारं काढून त्यांनी ठोकळा कोरायला घेतला. तिसऱ्या भोकात रेघ सापडली. मग चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी ती भोकं इतकी सफाईनं भरली, की रेघ पुन्हा गायब! दुसऱ्या खेपेला बायकोनं आधी ठोकळ्यावर बाहेरून पेन्सिलीनं खूण केली, मगच त्यांना भरू दिलं.

रविवारी ताई आल्या, त्या चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "राहू दे ना रे. असाच किती छान आहे."

"ताई, तू फक्त बस."

"पातं मोडेल."

"नाही मोडणार."

"तुझं बोट-बीट..."

"ताई!"

करवत अर्धा तास चालली. ताई खुर्चीचे हात घट्ट धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. ठोकळा मात्र केसभरही हलला नाही. दोन तुकडे झाल्यावर डॉक्टरांनी दोन्ही फडक्यानं पुसले आणि उजेडात धरले.

आत काही नव्हतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता राखाडी दगड होता.

"मला ठाऊक होतं रे," ताई म्हणाल्या. "मी थाप मारली होती. तू इतकी वर्षं धरून बसलास, मला सांगायचा धीरच होईना."

काप सपाट आलाय का, हे डॉक्टर कापलेल्या बाजूवर मोजपट्टी उभी करून बघत होते. "ताई, आधी हे बघ. पट्टीखालून उजेडसुद्धा येत नाही!"

"अरे, मी काय सांगतेय? तुला फसवलं मी!"

"पण का?"

"तुझी दाढ ठणकत होती. सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतंस. शेवटी हा दगड तुझ्या कानाला लावला आणि गुहेचं सांगितलं."

डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली. "मग?"

"मग काय, रडायचा थांबलास. ऐकत बसलास गुपचूप."

"ठणकत्या दाढेचा चार वर्षांचा पोरगा?" डॉक्टर उठून उभे राहिले. "इंजेक्शनशिवाय?"

"मी दहा वर्षांची होते. इंजेक्शन कुठून आणू?"

डॉक्टरांची छाती अभिमानानं फुगली. ते बायकोकडे वळले आणि बहिणीकडे बोट दाखवत म्हणाले, "ऐकलंस ना? केसभर हललो नाही मी!"