थ्रॉटलच्या तीन वायरी आणि हाजिमची सोयरीक

शुक्रवारी सकाळी वद्दाहने आजोबांच्या जुन्या गाडीला शेवटचा सेन्सर जोडला आणि हात पुसत घरात जाहीर केलं, की दुपारी धियाबमामांना सोयरिकीसाठी मुलीकडे याच गाडीतून न्यायचं.

सल्त गावात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. पण वर्षभर त्याचा जीव अडकला होता इंजिन चालवणाऱ्या एका बोर्डात. तो त्याने घरीच डाग देऊन जुळवला होता. ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे बोर्डाला कळवणारा थ्रॉटल सेन्सर तेवढा राहिला होता. तो भंगारातला, तिन्ही वायरी वंगणाने सारख्याच काळ्या.

"मीटर लावून बघा ना," बायको रिहाफ म्हणाली.

"मीटरचा सेल गेलाय. मधली सिग्नलची, हे नक्की. उरल्या दोन. दोनात माणूस चुकून चुकणार किती?"

गाडी सुरू होईना. वैतागून त्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तशी ती डरकाळी फोडून उठली.

"लाजाळू आहे जरा," तो म्हणाला.

सोयरीक त्याच्या धाकट्या भावाची, हाजिमची. मागणी घालणार होते मामा, आणि मामांचे आखडलेले गुडघे मावतील अशी गाडी घराण्यात ही एकच. मुलीचे वडील अबू मुनीफ सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आधीच बजावलं होतं, की आनंदाच्या भरात कोणी हवेत एक जरी गोळी झाडली, तर सोयरीक मोडली समजा.

निघाल्यावर गाडीने रंग दाखवला. पाय दाबला की मरगळायची, उचलला की उसळायची.

"अरे, ही उड्या का मारतेय?" मामांनी डोक्यावरचं फडकं सावरत विचारलं.

"रस्ता खराब आहे, मामा."

"कालच केलाय की रे तो."

मागच्या सीटवर हाजिम मिठाईचा खोका छातीशी धरून डोळे मिटून बसला होता.

अबू मुनीफ यांच्या गल्लीला उतार होता. वद्दाहने पाय उचलला आणि धडाम्. घाबरून दाबला, परत उचलला, पुन्हा धडाम्. फाटकापाशी तिसरा बार निघाला. शेजारच्या गच्चीवरच्या बायकांना वाटलं, लग्न ठरलं. त्यांनी जीभ हलवून आनंदाच्या किलकाऱ्या सुरू केल्या. त्या ऐकून कोपऱ्यावरच्या गच्चीनेही सूर धरला.

अबू मुनीफ फाटकात उभे होते.

"गोळ्या कुणाकडे आहेत?"

"माझ्याकडे," मामा निरागसपणे म्हणाले आणि खिशात हात घातला. अबू मुनीफ दोन पावलं मागे सरले. मामांनी पाकीट पुढे केलं. "ब्लडप्रेशरच्या. हव्यात का?"

"काका, कुणी गोळी झाडली नाही," वद्दाह घाम पुसत म्हणाला. "आवाज गाडीचा आहे."

"दाखव मग. नाही निघाला, तर आल्या वाटेने परत."

हाजिमने मिठाईचा खोका आणखी घट्ट धरला. वद्दाहने किल्ली फिरवली, ॲक्सिलरेटर तळाला नेला, इंजिन गरजलं. पाय उचलला. धडाम्. दोन्ही गच्च्यांवर नव्याने किलकाऱ्या उठल्या.

अबू मुनीफ यांचा चेहरा हळूहळू बदलला. उभी नोकरी त्यांची रणगाड्यांच्या वर्कशॉपात गेली होती.

"बॉनेट उघड," ते म्हणाले. मग बराच वेळ वाकून, "हा बोर्ड तू केलास?"

"हो."

"घरी?"

"स्वयंपाकघरात."

"पाय उचलला की याला वाटतं दाबलाय, मग पेट्रोल ओततो, ते सायलेन्सरमध्ये फुटतं. दाबलास की उपाशी मारतो. दोन वायरी उलट्या आहेत, गाढवा." त्यांनी अंगावरचा झगा काढून फाटकावर टाकला.

मामा खाकरले. "आदरणीय अबू मुनीफ, आज आम्ही आपल्या कन्येचा हात मागण्यासाठी—"

"दिला, दिला. ती पक्कड द्या इकडे."

वायरी बदलल्या. किल्ली नुसती फिरवली आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं. सोयरिकीची कॉफी बाहेर आली ती मडगार्डवरच संपली. मामा खुर्ची मागवून बसले. दिवाणखान्यात हाजिम एकटाच मिठाईच्या खोक्यासमोर होता.

पुढच्या शुक्रवारी अबू मुनीफ यांचा फोन आला. हाजिमने झडप घालून उचलला.

"वद्दाह कुठाय? माझ्या जीपलाही तसा बोर्ड बसवायचाय. आत्ता पाठव."

"मीही येऊ का, काका?"



"ये," ते म्हणाले. "टॉर्च धरता येतो ना?"