उरलेलं लाकूड

"आमचं किचन आफ्रिकेच्या लाकडाचं होऊन राह्यलं," असं रक्षाताईंनी धाकट्या जावेला फोनवर सांगून टाकलं, तेव्हा गोपालराव समोरच पोहे खात बसले होते. घास त्यांच्या घशातच अडकला. त्या क्षणापर्यंत घरात स्वयंपाकघराचा विषय निघाला होता, तो फक्त झुरळांच्या निमित्ताने.

चूक तशी जावेची होती. सुरभी नागपूरला राहायची आणि तिच्याकडे नुकतंच इटालियन किचन झालं होतं. त्यातला ड्रॉवर नुसतं बोट लावलं की आपोआप बंद होतो, हे तिने एकाच फोनमध्ये तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा रक्षाताईंचा तोल सुटला. "तुमचं भुशाचं राह्यते न वं? आमचं भरीव लाकूड राहीन. महालक्ष्म्याइले येशीन ना, तवा पाह्यजो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. यंदा महालक्ष्म्या नालवाडीला गोपालरावांकडेच होत्या आणि चाळीस माणूस जेवायला येणार होतं.

"आफ्रिका काऊन पण?" गोपालरावांनी विचारलं.

"तोंडात आलं ते बोलली मी. आता माही इज्जत तुमच्या हातात हाये."

ही काळजी करण्यासारखीच गोष्ट होती. गोपालराव पंचायत समितीत बाबू होते आणि माणूस इतका भला की 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघतच नसे. कोणी काही मागो, आधी 'हो' म्हणायचं आणि मग घरी येऊन डोकं धरून बसायचं, अशी त्यांची पंचवीस वर्षांची रीत. याच रीतीने ते एकाच दिवशी दोन लग्नांत वाढपी झाले होते. पण रक्षाताईंनी मात्र इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. पत्रा गंजलेल्या कपाटांपुढे उभं राहून त्यांनी सगळ्यांची पोटं भरली होती, आणि पहिल्यांदाच काही मागितलं तर ते एकदम आफ्रिकेतलं निघालं.

पुढच्या रविवारी गोपालराव वडिलांना घेऊन नागपूरच्या लाकूडबाजारात गेले. अण्णाजी वनरक्षक म्हणून आष्टीच्या जंगलात तीस वर्षं हिंडलेले. सागवान सोडून दुसऱ्या लाकडाला ते लाकूड मानत नसत, जळण मानत. व्यापाऱ्याने टेबलावर सात तुकडे मांडले. अण्णाजींनी एकेक तुकडा नखाने खरवडला, हुंगला आणि एकाला तर दात लावून पाहिला.

"याच्यावर पट्टे काऊन हायेत?"

"ओरिजिनल आहेत काका. झेब्रानो म्हणतात. परदेशात फार चालतं."

"मंग चालू द्या ना तिकडंच. घरात कायले आनता?"

गोपालरावांनी रक्षाताईंना व्हिडिओ कॉल लावला. फोनमध्ये सातही तुकडे एकाच चहाच्या रंगाचे दिसत होते. शेवटी व्यापाऱ्याने पडौक नावाच्या आफ्रिकन लाकडावर कानस फिरवली आणि त्यातून कुंकवासारखा लालभडक भुसा खाली पडला. "हेच!" रक्षाताई तिकडून ओरडल्या. "लक्ष्मी घरात येते तं कुंकवाचंच किचन पाह्यजे!" व्यापारी म्हणाला, फळ्या संपल्यात, पण अख्खा ओंडका आहे, आणि सगळी दारं एकाच ओंडक्यातून काढली की नक्षीला नक्षी जुळते. घेता का? गोपालराव अर्थातच 'हो' म्हणाले.

ओंडका आला आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली आडवा झाला. पण तानबा मिस्त्री त्याला हात लावायला तयार नव्हता. पोळा तोंडावर आलेला, आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्हा पोळ्यासाठी पोरांच्या लाकडी बैलांच्या ऑर्डरी त्याच्याकडे पडलेल्या. "बैल झाले का मंग तुमचंच," तो म्हणाला. त्याला लाज वाटावी म्हणून रक्षाताईंनी जुनी कपाटं उखडून भंगारात देऊन टाकली. तानबाला लाज वाटली नाही. डबे मात्र जमिनीवर आले.

तशात एका संध्याकाळी रूपराव आले. रूपराव कॉलनीच्या तान्हा पोळ्याचे अध्यक्ष, स्वतःच स्वतःला नेमलेले असले तरी बिनविरोध. त्यांनी चहा घेतला आणि ओंडक्याकडे बघत उसासा टाकला.

"गोपालभाऊ, दरसाली आपन बाजूच्या कॉलनीतून लाकडी नंदी मागून आनतो. यंदा त्याहीनं नाई म्हनलं. साठ पोरं आपापले बैल घेऊन निंगतीन अन् समोर मोठा नंदीच नाई. पोरं काय म्हनतीन?"

इथे 'नाही' म्हणायला हवं होतं. गोपालरावांच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण रूपरावांचा चेहरा पडलेला पाहून त्यांना एक फार हुशार युक्ती सुचली. ते म्हणाले, "असं करा, कपाटं होऊन जे लाकूड उरंल ना, ते नंदीले घ्या." काही न देता दिल्याचं पुण्य मिळालं, या आनंदात त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

मग रक्षाताईंच्या भावाचा, रत्नदीपचा, तळेगावहून फोन आला. त्याने खिल्लारी जोडी घेतली होती आणि तिचा पहिला पोळा पाहायला बहीण-भाऊजींनी यायलाच पाहिजे, असा त्याचा हट्ट. गोपालराव 'हो' म्हणाले. अण्णाजी घरी राहिले आणि दोन दिवसांसाठी गेलेली ही माणसांची जोडी चार दिवस पाहुणचार घेत बसली. दुसऱ्या दिवशी, गोठ्यात ऐन शिंगं रंगवणं चाललेलं असताना अण्णाजींचा फोन आला.

"गोपाल, तानबा आला. रूपरावई हाये संगं. म्हनते, सुरू करू काय?"

"करू द्या, करू द्या बाबा!"

"पाह्य बाप्पा. मंग सांगतलं नाई म्हनशीन."

"मी हो म्हनलं ना!"

त्यांनी ही बातमी रक्षाताईंना सांगितली आणि रक्षाताईंनी ती त्याच मिनिटाला नागपूरला कळवली. "काम सुरू झालं वं," त्या सुरभीला म्हणाल्या. तिकडून सुरभीने 'बरं, बरं' म्हणत घाईने फोन ठेवला, त्याचं त्यांना फार बरं वाटलं.

तान्हा पोळ्याच्या दुपारी दोघं परत आले तेव्हा गल्लीत ऑटो शिरायला जागा नव्हती. अंगणात पोतंभर कुंकू सांडल्यासारखं सगळं लाल झालं होतं. कडुलिंबाच्या बुंध्याची साल लाल, अण्णाजींची खुर्ची लाल, खुद्द अण्णाजी भुवयांपर्यंत लाल. आणि मधोमध चार चाकांवर, झूल पांघरून, कमरेइतका उंच, भरल्या वशिंडाचा नंदी उभा होता. साठ पोरं आपापले बैल घेऊन त्याच्याभोवती 'हर बोला हर हर महादेव' करत होती.

"किती सुंदर हाये वं माय!" रक्षाताई म्हणाल्या. मग त्यांची नजर कडुलिंबाखाली गेली. तिथे थोड्या ढलप्या होत्या. ओंडका नव्हता.

"तानबा," गोपालरावांचा आवाज चिरका झाला, "आमचे कपाटं?"

"आता बसतोच ना करायले."

"कशातून?"

तानबाने भिंतीला टेकवलेल्या दोन अरुंद फळ्या दाखवल्या. "हे उरलं ना."

"अरे, उलटं सांगतलं होतं! कपाटं आधी, अन् उरंल ते नंदीले!"

"साहेब, पोळा आधी येते का महालक्ष्म्या?"

गोपालरावांनी विचार केला. पोळा आधी येत होता.

"अन् बैलाले जाडी लागते," तानबा समजुतीने म्हणाला. "पोटच पाहा ना. ऐन गाभ्यातून काढलं. फळीचं काय, ते उरल्यातूनई निंगते."

गोपालरावांनी वडिलांकडे पाहिलं. अण्णाजी लाल मिशांमधून म्हणाले, "मी तं फोन केलता. अन् खरं सांगू काय? असं लाकूड तुमच्या डब्यांवर झाकनं ठेवाले नसते."

गोपालरावांनी शेवटचा प्रयत्न केला. तानबाच्या कानाशी लागून ते हळूच म्हणाले, "वशिंड राहू दे, तोंड राहू दे. पोटातून चार फळ्या निंगतीन काय?" नेमक्या त्याच वेळी शेजारच्या विमलाबाई आरतीचं ताट घेऊन मागे उभ्या होत्या. करवत चालताना लाकडातून कुंकू गळतंय, हे सगळ्यात आधी त्यांनीच पाहिलं होतं आणि नंदीला कान फुटायच्या आधीच त्यांनी त्याची पूजा सुरू केली होती.

"अगं माय वं!" त्या ओरडल्या. "हा मानूस नंदीच्या पोटात फळ्या पाहून राह्यला!"

सगळी कॉलनी गोपालरावांकडे पाहू लागली. त्यांनी मुकाट्याने हात जोडले आणि नंदीला प्रदक्षिणा घातली. ती पुरी करून ते घरात गेले तेव्हा रक्षाताई रिकाम्या स्वयंपाकघरात डब्यांच्या गराड्यात खाली बसल्या होत्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी सुरभीले काय तोंड दाखवू?" एवढंच त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. गोपालरावांना त्या दिवशी स्वतःचा मनापासून राग आला.

संध्याकाळी रूपराव पुन्हा आले. मिरवणूक अशी झाली होती की बाजूच्या कॉलनीचे लोकसुद्धा बघायला आले होते. "समितीनं नियम केला, गोपालभाऊ. ज्याचं लाकूड, त्याच्या घरी नंदी. सालभर! मान तुमचा." गोपालरावांनी आतल्या दाराकडे भीत भीत पाहिलं आणि 'हो' म्हणाले.

आता हा मान ठेवायचा कुठे? ओसरी गळत होती. पुढच्या खोलीत महालक्ष्म्यांची आरास व्हायची होती. अण्णाजींच्या खोलीत अण्णाजी होते. घरात मोकळी जागा एकच, जिथून जुनी कपाटं उखडली होती ती. आठ जणांनी नंदी उचलून आत नेला, आणि ओट्याशेजारच्या त्या जागेत तो माप घेऊन केल्यासारखा फिट्ट बसला.

"पाहा," तानबा कौतुकाने म्हणाला, "माह्यं माप चुकत नाई." उरलेल्या दोन फळ्यांचा त्याने एक पोळपाट आणि साडेतीन डब्यांची मांडणी करून दिली.

तीन दिवस रक्षाताई कोणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी गोपालराव चहासाठी आत डोकावले, तर नंदीच्या डाव्या शिंगाला झारा लटकत होता, उजव्या शिंगाला गाळणी, आणि पाठीवर तिखट, हळद, धणे यांचे डबे ओळीने बसले होते. "रोज कोन वाकंल जमिनीपर्यंत?" रक्षाताई म्हणाल्या. त्या हे नंदीला सांगत होत्या, पण चहाचा कप मात्र त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला. सुरभी आली ती भरजरी साडीत आणि हातात फोन काढूनच. पाठोपाठ गोपालरावांचा धाकटा भाऊ मुकेश. सुरभीने पाणीसुद्धा घेतलं नाही. "ताई, कुठं हाये तुमचं आफ्रिकेचं किचन?" असं म्हणत ती तडक आत शिरली. गोपालराव पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागे धावले. झारा, गाळणी आणि डबे काढायला रक्षाताईंना जेमतेम वेळ मिळाला होता.

सुरभीने चारी भिंती पाहिल्या. ओट्याखाली जुन्या साडीचा पडदा होता. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उगवू लागलं, तेवढ्यात विमलाबाई कॉलनीतल्या सहा बायका घेऊन दर्शनाला आल्या. सहाही जणी ओळीने नंदीपुढे वाकल्या. सातवी सुरभी तशीच ताठ उभी.

"वाक न वं बाई," विमलाबाई म्हणाल्या. "कुंकवाचा नंदी हाये. जागृत."

सहा बायका बघत होत्या. सुरभीने जरीचा पदर सावरला, गुडघे टेकले आणि रक्षाताईंच्या स्वयंपाकघरात जमिनीला डोकं लावलं. उठली तेव्हा कपाळावर लाल भुशाचा ठिपका होता.

"हा... कशाचा हाये, ताई?"

"आफ्रिकेच्या लाकडाचा. सांगतलं होतं ना तुले."

"अन् कपाटं?"

रक्षाताईंनी नंदीच्या पाठीवरून हलकेच हात फिरवला. "कपाटं काय वं," त्या म्हणाल्या, "ते तं कोनाच्याई घरी राह्यते."

दारात उभ्या गोपालरावांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण पंगत बसली होती, ते वाढायला गेले आणि शेवटी स्वतःही मुकेशच्या शेजारी पानावर बसले. पुरणपोळीवर तुपाची धार पडत असताना समोरून रूपरावांनी घसा खाकरला.

"नंदी झाक झाला. पन एकटा बैल शोभत नाई. जोडी पाह्यजे. पुढच्या सालच्या नंदीचं लाकूड कोन देते?"

सवयीने गोपालरावांचं तोंड उघडलं. रक्षाताईंनी त्याच क्षणी त्यांच्या पानात आणखी एक पोळी टाकली आणि अशा नजरेने पाहिलं की त्यांनी अर्धी पोळी एकदम तोंडात कोंबली. रूपराव पंगतीभर नजर फिरवू लागले.

"जोडीचा नंदी आमच्याकडून!" सुरभीचा आवाज खणखणीत होता. "आफ्रिकेच्याच लाकडाचा. अन् याच्याहून हातभर मोठा!"

मुकेशच्या घशात घास अडकला. चाळीस माणसांनी माना डोलावल्या. रूपरावांनी जागेवरूनच हात जोडले आणि म्हणाले, "वा, वा! नियम तोच बरं का वहिनी. ज्याचं लाकूड, त्याच्या घरी नंदी."

आतून रक्षाताईंचं हसू ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी त्या अशा मोकळ्या हसत होत्या.

जेवणं झाल्यावर मुकेश हात धुवायच्या निमित्ताने भावाच्या मागे मागे मोरीपाशी आला. चेहरा पार उतरला होता. "दादा, हे लाकूड भेटते तरी कुठं?"

"पत्ता देतो ना," गोपालराव म्हणाले. त्यांनी सावकाश हात धुतले, पंच्याला पुसले आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "मले एक सांग. तुह्या त्या इटालियन किचनात अडीच हात जागा हाये काय?"

"काऊन?" मुकेशने विचारलं.

"आत्ताच मोजून ठेव," गोपालराव म्हणाले आणि विडा खायला बाहेर गेले.