दाब हळू उतरवा

हिऱ्यांच्या चिमटीत दगडाचा कण धरून तो हजारो अंशांवर तापवणारे आमचे गायधनीसर चहा मात्र बशीत ओतून, फुंकर मारमारून प्यायचे. "भाजतं हो," म्हणायचे.

सर पंचवटीत आमच्या समोर राहायचे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, एकटा जीव. पृथ्वीच्या पोटात दगडाचं काय होतं, हा त्यांचा ध्यास. खणून तेवढं खोल कोण जाणार? म्हणून दोन हिऱ्यांमध्ये कण दाबायचा, लेझरने तापवायचा आणि क्ष-किरण सोडून आत काय बदललं ते बघायचं. किरणांचं ते अवाढव्य यंत्र जपानमध्ये. तिथे नंबर लागला की सर उडायचे. गल्लीला यातलं 'हिरे' एवढंच कळलं. भाजीवाल्या सखूबाईंनी त्यांची फुकटची कोथिंबीर बंद केली. "हिरेवाल्याला कशाला?" सर मुकाट विकत घ्यायचे. टोमॅटो मात्र कधी दाबून बघायचे नाहीत. "दाबणं नोकरीत होतं तेवढं पुरे," म्हणायचे.

आमच्याकडे जेवायला आले की नजर कुकरवर. आईने चमच्याने शिट्टी उचलली रे उचलली की कळवळायचे. "वहिनी, दाब हळू उतरवा. आमचे हिरे दाब चढवताना टिकतात, उतरवताना फुटतात."

"माझ्या कुकरात वरण आहे," आई म्हणायची.

बाबा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होते. सगळं आईच करायची. ते गेले, तेव्हा जो तो तिला म्हणाला, "सुटलीस बाई." मावशीने तर झाडूलाही हात लावू दिला नाही. आणि आई बसली ती बसलीच. बोलेना, जेवेना. डॉक्टरांना आजार सापडेना. आता हीसुद्धा जाते की काय, असं मला वाटायला लागलं.

तशात सर रोज सकाळी हजर. "वहिनी, चहा टाकता? आलं घालून." कधी बटण तुटलेला शर्ट घेऊन यायचे. शेवटी मी वैतागले. "सर, तिला जरा आराम करू द्या ना."

सर मला अंगणात घेऊन गेले. "माझी आईही तुझ्या बाबांसारखीच अंथरुणावर होती. ती गेली आणि मीही सुटलो. नंतर किती तरी दिवस माझ्याकडे कुणी साधा चहासुद्धा मागितला नाही. फार वाईट गेले गं ते दिवस."

सरांचा चहा चालू राहिला.

एका सकाळी आई अचानक करवादली, "अहो, बशी सरळ धरा. आत्ताच पुसलंय मी."

सरांना इतका आनंद झाला, की फुंकर मारायची विसरून त्यांनी घोट घेतला आणि तोंड भाजून घेतलं.